सर्चमध्ये ईमेल अजिबात सापडू नये यासाठी काही युक्त्या

वेबसाइट बनवताय? मेंबर शोधायला सर्च बॉक्स पण देणार? वा. मग एक पथ्य पाळा, कुणी त्यात ईमेल टाकला तर तो ज्याचा आहे तो माणूस सोडून बाकी सगळे सापडले पाहिजेत.

त्यासाठी फार कष्ट नाहीत, फक्त सर्च इंजिन इन्स्टॉल करून तसंच सोडून द्यायचं. इलॅस्टिकसर्च नावाच्या सर्च इंजिनाचा स्टँडर्ड टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द सुटे करणारा भाग, ॲट द रेट (@) दिसलं की तिथंच पत्त्याचे दोन तुकडे पाडतो आणि दोन्हीतला कुठलाही एक जुळला तरी खूश असतो. परवाच मी एका साइटवर एकाचा अख्खा पत्ता, मेलमधून कॉपी करून, टाकला तर समोर कोण आलं, तर ज्याच्या ज्याच्या पत्त्यात जीमेल डॉट कॉम आहे अशी समस्त मानवजात, पानांमागून पानं, आणि तीही नावाच्या अक्षरक्रमानं लावलेली, म्हणजे ज्याचे दोन्ही तुकडे जुळतात तो बिचारा निदान वर तरी यावा ना, तर तेही नाही. सपोर्टला कळवलं. उत्तर आलं, 'कृपया नावाने शोधा.' अहो, नाव माहीत असतं तर ईमेल कशाला टाकला असता मी? कुणाचा पत्ता आहे हेच तर शोधत होतो ना!

असो. पुढची युक्ती.

पेस्ट करताना मागे आलेली स्पेस काढू नका, लोकांना शिस्त लागली पाहिजे.

कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरा. कुणी बोललंच तर आरएफसी ५३२१, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या नियमांचा दस्तऐवज, दाखवा, त्यात खरंच लिहिलंय की ॲट द रेटच्या आधीचा भाग केस-सेन्सिटिव्ह धरावा. प्रत्यक्षात जवळपास कुणीच ते पाळत नाही हे सांगत बसू नका.

पत्त्यात प्लस असेल तर लिंकमध्ये एन्कोड करू नका, म्हणजे त्याचं सांकेतिक रूप न करता तसाच पाठवा, सर्व्हरपर्यंत पोचताना त्याची आपोआप स्पेस होते.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांची तर चैनच आहे. त्यातल्या इनोडीबी या साठवणीच्या इंजिनाच्या फुलटेक्स्टमध्ये (मजकुरातले शब्द शोधायची सोय) बूलियन मोडला, म्हणजे चिन्हं वापरून शोधताना, ॲट द रेट हे शब्दांमधलं अंतर सांगणारं चिन्ह, त्यामुळे पत्ता टाकला की थेट सिंटॅक्स एरर. ती गुपचूप गिळा आणि 'काहीही सापडले नाही' असं छापा.

जाऊ दे, सरळच बोलतो आता. १९७१ साली नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवणाऱ्या रे टॉमलिन्सननं ॲट द रेट हे चिन्ह निवडलं ते कुणाच्या नावात येत नाही म्हणूनच. इतकी स्वच्छ खूण समोर असून तुमच्या सर्चला ती ओळखता येत नाही? पत्ता अख्खा ठेवणारा, खास यूआरएल आणि ईमेलसाठीचा टोकनायझर इलॅस्टिकसर्चमध्ये आयता मिळतो. तोही नको असेल तर ईमेलला वेगळं कीवर्ड फील्ड, म्हणजे तुकडे न पाडता अख्खा पत्ता ठेवणारा रकाना, द्या, पुढचीमागची स्पेस काढा, सगळं लोअरकेस करा, आणि बॉक्समध्ये ॲट द रेट दिसलं की आधी तिथं जसंच्या तसं जुळतंय का बघा, बाकीचा शोध नंतर. आणि हो, प्रायव्हसीचं कारण तर सांगूच नका, नको असलेल्या एवढ्या लोकांचे पत्ते मला पानं भरभरून दाखवलेत तेव्हा कुठे गेली होती ती? लाँचच्या आधी तुमच्यापैकी एकानं, फक्त एकानं, स्वतःचा ईमेल त्या बॉक्समध्ये टाकून एंटर दाबलं असतं तर काय बिघडलं असतं?