मठ्ठ म्हणण्याआधी विचारा, खाल्लंस का काही?

आज पालकसभेत माझ्या पुढे एक बाई उभ्या होत्या. मॅडम वहीतून मान वर न काढता म्हणाल्या, "याच्या डोक्यात काही शिरतच नाही हो. मठ्ठ आहे." पोरगा शेजारीच उभा! बाई "हो मॅडम" एवढंच म्हणाल्या आणि त्याचा हात धरून निघून गेल्या. माझं डोकं सणकलं ते अजून शांत झालेलं नाही, म्हणून लिहितेय.

अक्षर, गृहपाठ, मोबाईल, सगळ्याची चौकशी झाली. सकाळी काय खाऊन येतो, हे मात्र कुणी विचारलं नाही.

माझ्या बाकावर एक मुलगी बसायची. फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे उचलून खिशात ठेवायची आणि तास चालू असताना हळूच चघळायची. ओठांच्या कडा पांढऱ्या. पकडली गेली की 'खडूचोर' म्हणून अख्खा तास उभी. आज मूल खडू-माती खातंय म्हटलं की डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात, लोह कमी आहे का बघायला. तिच्या वाट्याला छडी आली.

आणि हीच मुलगी मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं पोटभर खाल्लं की पुढच्या तासाला तोंडी गणितात सगळ्यांच्या आधी हात वर करायची. मठ्ठ म्हणे!

अहो, पाच वर्षांच्या आसपास मुलाच्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली 40 टक्क्यांहून जास्त एकटा मेंदू खातो. ती आणायची कुठून, शिस्तीतून? लोह कमी पडलं की लक्ष टिकत नाही, आयोडीन कमी पडलं तर मेंदूची वाढच खुंटते. ग्वाटेमालात 1969 पासून काही गावांतल्या लहान मुलांना पौष्टिक पेय दिलं, शेजारच्या गावांत साधं गोड पेय. ज्यांना पहिल्या दोन-तीन वर्षांत पौष्टिक पेय मिळालं ती मोठेपणीही वाचनात पुढे होती. म्हणजे शाळेचं तोंड बघण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो, आणि आपण दहावीच्या मार्कांवरून मुलांची लायकी ठरवतो. (बुद्धी वाढवणाऱ्या पावडरींच्या जाहिराती बघून तर हसावं की रडावं कळत नाही. ज्या घरांत त्या परवडतात तिथली मुलं खडू खात नसतात.)

हो, उपाशीपोटी शिकून मोठी झालेली माणसं आहेत, आणि पोटभर जेवून नापास होणारीही. मान्य. पण त्या मोठ्या झालेल्यांना सत्काराला बोलावतात. माझ्या बाकावरची ती सातवीनंतर शाळेत दिसलीच नाही, तिला कोण बोलावणार?

त्या मॅडमचा आता तितका राग येत नाहीये. एका वर्गात साठ पोरं, वर सरकारी कागद भरायचे, कुणाच्या पोटात काय आहे हे त्या तरी कधी बघणार? तरी पोरासमोर तो शब्द काढायला नको होता. तेवढं तर हातात होतं ना?

पुढच्या सभेत मी दोनच गोष्टी मागणार आहे: वर्षातून एकदा सगळ्या मुलांची रक्ततपासणी, आणि पहिल्या तासाआधी ज्याला हवं त्याला खायला काहीतरी, नावं न विचारता. सोबत कोण कोण येतंय ते खाली लिहा. "आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही" अशी कमेंट दिसली तर उडवणार आहे, आधीच सांगून ठेवते.