सुभेदारसाहेबांच्या प्रतिक्रियेला उत्तर: इनाता ते मानसिला

सुभेदारसाहेब, नमस्कार.

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या २०२२ च्या दोन लष्करी उठावांवर मी लिहिलं होतं, त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. जवान उपाशी मरत होता आणि पुढारी राजधानीत मजा मारत होते, मग फौजेने सत्ता घेतली तर बिघडलं कुठे? दुसऱ्या उठावात सत्तेवर आलेल्या कॅप्टन इब्राहिम त्राओरेने फ्रेंच फौजांना घालवलं, सोन्याच्या खाणी ताब्यात घेतल्या. आणि हे गृहस्थ, म्हणजे मी, इथे बसून पॅरिसच्या पेपरांचं मराठीकरण करताहेत, वर्दीवर चिखल उडवताहेत. शेवटी तुम्ही असंही म्हणालात की त्राओरे स्वतः जवानांमधून आलाय, त्यामुळे तिथे आता पुन्हा बंड होणार नाही.

जवान उपाशी होता, यावर आपलं भांडणच नाही. माझ्या लेखात ते दोन ओळींत उरकलं गेलं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

उत्तरेला सूम भागात इनाता नावाची सोन्याची खाण आहे. तिच्याजवळ जांदार्मांचं ठाणं होतं. जांदार्म म्हणजे लष्करी शिस्तीतले सशस्त्र पोलीस, आपल्या निमलष्करी दलासारखे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या प्रमुखाने वरिष्ठांना लेखी कळवलं की शिधा संपलाय आणि दोन आठवडे आम्ही आसपासची जनावरं मारून पोट भरतोय. तुम्ही पोस्टवर राहिलेले आहात, असा निरोप पाठवायची पाळी कधी येते ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. शेजारी सोन्याची खाण आणि ठाण्यात पोटभर अन्न नाही! रसद पोहोचलीच नाही. १४ नोव्हेंबरला पहाटे जिहादी पोहोचले. सरकारी आकड्यानुसार ४९ जांदार्म आणि ४ नागरिक मारले गेले.

आता माझा मुद्दा. हे सगळं तुम्हाला आणि मला कळलं कसं? त्या ठाण्याचा निरोप बाहेर फुटला, राजधानी वागादुगूच्या पत्रकारांनी तो उचलून धरला, विरोधी पक्षांनी आणि संघटनांनी गदारोळ केला, २७ नोव्हेंबरला लोक रस्त्यावर उतरले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोख काबोरे यांना चौकशी लावावी लागली, डिसेंबरात पंतप्रधान क्रिस्तोफ दाबिरे यांना राजीनामा द्यावा लागला. काबोरे काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. याच गडबडीत त्यांनी मोबाइल इंटरनेट बंद ठेवलं होतं. तरीही ओरड दाबली गेली नाही. जानेवारीत राजधानीतल्या छावण्यांमध्ये गोळीबार सुरू झाला. बंडखोरांच्या मागण्या होत्या जादा कुमक, जखमी जवानांची आणि शहिदांच्या घरच्यांची नीट सोय, आणि लष्करप्रमुखाची हकालपट्टी. रास्त मागण्या होत्या. दुसऱ्या दिवशी, २४ जानेवारीला, बंडाचे म्होरके लेफ्टनंट कर्नल दामिबा यांच्या सहीचं निवेदन टीव्हीवर वाचलं गेलं आणि मागण्यांची सत्ता झाली.

आठ महिन्यांनी २६ सप्टेंबरला गास्किंदेजवळ, वेढ्यात अडकलेल्या जिबो शहराकडे रसद नेणारा मोठा ताफा जिहाद्यांनी जाळला, २७ सैनिक मेले. पुन्हा रसदच. चारच दिवसांनी दामिबांना त्राओरेने उलथवलं. इथपर्यंतचं गणित तुमच्या बाजूचं आहे: ज्याला जमलं नाही, तो गेला.

पुढचं बघा. ११ जून २०२४ ला नायजरच्या सीमेजवळ मानसिला इथल्या लष्करी तळावर हल्ला झाला. अल-कायदाशी जोडलेल्या संघटनेने शंभराहून जास्त सैनिक मारल्याचा दावा केला. या वेळी ना पंतप्रधान गेला, ना मोर्चा निघाला. गेली ती टीव्ही-५ मोंद ही फ्रेंच भाषेतली वाहिनी, सहा महिन्यांसाठी बंद. त्याच्या आधी सप्टेंबर २०२३ मध्ये पॅरिसहून निघणाऱ्या 'झन आफ्रिक' या मासिकावर बंदी आली, का, तर छावण्यांमध्ये असंतोष आहे असं त्यांनी छापलं म्हणून. म्हणजे जी बातमी २०२१ मध्ये जवानाच्या उपयोगाची ठरली असती, नेमकी तीच. मार्च २०२५ मध्ये पत्रकार संघटनेच्या अध्यक्षांनी माध्यमांवरच्या दडपणाबद्दल तोंड उघडलं. त्यांना उचललं गेलं आणि थोड्याच दिवसांत ते लष्करी गणवेशात एका व्हिडिओत दिसले. सत्तरीतले माजी परराष्ट्रमंत्री अब्लासे वेद्राओगो यांनाही असंच आघाडीवर धाडलं होतं. टीकाकाराला शिक्षा म्हणून वर्दी चढवायची, हा वर्दीचा मान आहे का, हे तुम्हीच ठरवा. चिखल उडवतोय तो मी नव्हे एवढंच म्हणतो.

फ्रेंचांबद्दल म्हणाल तर ते फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले ते बरंच झालं. लोकांना ते नको होते, आणि इतकी वर्षं तळ ठोकूनही त्यांनी फार दिवे लावले नव्हते. खाणींचं म्हणाल तर कागदावरची मालकी बदललीय हे खरं, पण तो पैसा इनातासारख्या ठाण्यावर शिध्याच्या रूपाने पोहोचतो की नाही हे तपासायला संसद लागते, पेपर लागतात. निवडणूक जुलै २०२४ पर्यंत होणार होती, तिच्याऐवजी त्राओरेंना आणखी पाच वर्षं मिळाली.

लोक त्यांच्या बाजूने आहेत, हेही तुम्ही लिहिलंत. असतील. १९६६ मध्ये पगारकपातीला वैतागून कामगार संघटनांनी स्वतःच लष्कराला सत्ता घ्यायला बोलावलं होतं. जनरल लामिझाना जे बसले ते चौदा वर्षं बसले. त्यांना १९८० मध्ये एका कर्नलने हटवलं, मग १९८२, १९८३, १९८७ मध्ये पुन्हा उठाव झाले. हे सगळे जवानांमधूनच आलेले होते.

त्यामुळे 'आता बंड नाही' ही तुमची खात्री मला पटत नाही. खुद्द त्राओरेंच्या सरकारनेच सप्टेंबर २०२३ मध्ये आणि परत एप्रिल २०२५ मध्ये कट उधळल्याचं जाहीर केलं, आणि दोन्ही वेळा लष्करी अधिकाऱ्यांना अटक झाली. छावणीत काय शिजतंय ते आता राष्ट्राध्यक्षांनाही हेरांकडूनच ऐकावं लागतं, कारण पेपरात वाचायची सोय त्यांनी स्वतःच बंद केलीय.