कोल्हापुरात बर्फ पडत नाही, तरीही ऑल व्हील ड्राइव्ह : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

बीएमडब्ल्यू एम फाइव्हवरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "कोल्हापुरात बर्फ पडतोय काय? चारी चाकांना ताकद दिलेली सेडान म्हणजे उगाच वजन, उगाच पेट्रोल, आणि ज्याला गाडी आवरत नाही त्याच्यासाठी केलेली सोय. खरी मजा मागच्या चाकांवर पळणाऱ्या गाडीत. माझा मित्र जुनी एक्सड्राइव्ह बघतोय, त्याला नको म्हणून सांगतो." (एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची ऑल व्हील ड्राइव्ह, चारी चाकांना ताकद देणारी यंत्रणा.)

वजन आणि पेट्रोलचा मुद्दा बरोबरच आहे. पुढचा ॲक्सल फिरवायला शाफ्ट, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा), डिफरन्शियल लागतं आणि ते फुकट येत नाही. बाकीचं मात्र मला पटत नाही.

बर्फाचं चित्र आपल्या डोक्यात बसलं ते ऑडीमुळे. क्वाट्रो या त्यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाडीची कल्पना फिनलंडच्या हिवाळी चाचण्यांतून निघाली, १९८० साली ती गाडी जिनिव्हात लोकांसमोर आली, आणि पुढे जाहिरातीत ऑडी १०० चक्क स्की-जंपच्या उतारावर चढवली. पण १९९६ मध्ये फ्रँक बीलाने ए फोर क्वाट्रो घेऊन ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा जिंकली ती डांबरी ट्रॅकवर. त्या गाडीवर जादा वजन लादलेलं होतं, तरी जिंकली. दोन वर्षांत तिथं ऑल व्हील ड्राइव्हवर बंदीच आली. बर्फापुरताच उपयोग असता तर बंदी घालायची वेळ का आली असती?

टायरची पकड ठरावीक असते. वळायचं असो, ब्रेक मारायचा असो की जोर लावायचा असो, सगळं त्याच पकडीतून भागवायचं. वळणातून बाहेर पडताना जोराचं सगळं ओझं मागच्या दोन टायरांवर टाकलं तर वळण धरून ठेवायला त्यांच्याकडे फार काही उरत नाही, आणि गाडी मागून सुटते. तेच ओझं चौघांत वाटलं की प्रत्येकाकडे थोडी पकड शिल्लक राहते. आधीची एम फाइव्ह, म्हणजे एफ टेन, फक्त मागच्या चाकांवर चालायची : ५६० अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत. नंतरची एफ नाइन्टी ६०० अश्वशक्तीची, वेळ ३.४ सेकंद. चाळीस घोडे वाढवून जवळजवळ एक सेकंद वाचत नाही. गिअरबॉक्सही बदलला होता, पण मोठा फरक पडला तो सुरुवातीला टायर जागच्या जागी फिरायचे थांबले म्हणून.

आता आपले रस्ते. जुलैत गगनबावड्याहून करूळ घाट उतरून परत चढताना डांबरावरून पाणी वाहत असतं, कडेची तांबडी माती वळणावर आलेली असते. आणि पावसाळा संपला म्हणून सुटका नाही. गळीत हंगामात राधानगरी रोडला परित्याच्या आसपास बघा. उसाचे ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर चढतात, चाकांचा चिखल रस्त्यावर सांडतो, त्यात पाचट. एका बाजूची चाकं कोरड्या डांबरावर, दुसऱ्या बाजूची चिखलात. अशा ठिकाणी एफ नाइन्टीचा ७५० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, फक्त मागच्या चाकांवर सोडायला मला तरी नको वाटतं, आणि गाडी आवरता येणाऱ्या माणसालाही ते नको वाटावं.

मजेबद्दल. एक्सड्राइव्ह ताकद मुळात मागेच जास्त देते; ट्रान्सफर केसमधला मल्टिप्लेट क्लच गरजेनुसार पुढच्या चाकांना वाटा देतो. एफ नाइन्टीत तर स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) पूर्ण बंद केला की टू व्हील ड्राइव्ह मोड निवडता येतो. तुम्ही म्हणता ती मागच्या चाकांची मजा त्याच गाडीत आहे. ती रिकाम्या, बंदिस्त ट्रॅकवर घ्या, एवढीच विनंती.

तुमच्या बाजूने मी याहून मोठा मुद्दा मांडतो, कारण तो कुणीतरी स्पष्ट सांगायला हवा. ऑल व्हील ड्राइव्हमुळे ब्रेक लवकर लागत नाही. ब्रेक प्रत्येकच गाडीत चारी चाकांना असतो, आणि जड गाडी थांबवणं अवघडच. मागच्या चाकांची गाडी ओल्यात जरा जोर दिला की वळवळते, रस्ता निसरडा आहे हे कळतं. ऑल व्हील ड्राइव्ह तेवढ्याच जोरात गुपचूप पुढे सरकते, आणि रस्ता किती निसरडा आहे ते थेट ब्रेक मारताना समजतं. घाटात मला या गाड्यांची भीती वाटते ती इथंच. म्हणून ओल्या रस्त्यावर ती किती सहज वेग धरते यावरून वेग ठरवायचा नाही.

मित्राला नको म्हणू नका, बघायला शिकवा. चारी टायर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे आणि जवळपास सारखे झिजलेले आहेत का? पंक्चरनंतर एकच नवा टायर टाकून वर्षभर पळवलेली गाडी असेल तर टायरांचा घेर जुळत नाही आणि ट्रान्सफर केसमधला क्लच सतत घासत राहतो. त्या केसचं तेल कधी बदललं त्याचं बिल मागायचं. मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवायची. गाडी धक्के देत, अडखळत फिरली तर सौदा तिथंच थांबवायचा किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून घ्यायचा. नवे टायर चारही एकदम घ्यावे लागतील, ते पैसे आधीच बाजूला काढून ठेवायला सांगा.