पोडावरून शाळा किती लांब?

वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा विषय 2023 साली राज्यात निघाला, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांची उदाहरणे पुढे आली, आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या गटात तो वाद अधूनमधून पेटत असतो. परवा नागपूरला स्थायिक झालेल्या माझ्या मामेभावाने पुन्हा लिहिले की, मूठभर लेकरांसाठी दोन गुरुजी ठेवणे म्हणजे सरकारी पैशाची नासाडी आहे, एक गाडी लावली की प्रश्न मिटतो, आणि ‘तुमच्या जर्मनीत तरी पोडापोडावर शाळा आहे का?’ दादाचा हा शेवटचा प्रश्न मला बोचला, कारण परदेशाचे नाव घेतले की आपल्याकडे वाद जिंकल्यासारखे वाटते, मग तिथले नियम कोणी वाचलेले असोत वा नसोत.

मानवी भूगोलाची सुरुवातच अंतर म्हणजे काय या प्रश्नाने होते. नकाशावर मोजलेले निरपेक्ष अंतर वेगळे, आणि वेळ, खर्च, धोका यांनी ठरणारे सापेक्ष अंतर वेगळे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून कोलामांचा पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, दोन किलोमीटरवर आहे. वैशाखात ते अंतर अर्ध्या तासाचेही नसते. आषाढात मात्र पांदण रस्त्यावरची काळी माती पायाला अशी धरते की चपला हातात घेऊन चालावे लागते, आणि रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहू लागले की मोठ्या मुली धाकट्यांचा हात धरून, दप्तर डोक्यावर घेऊन, पाणी उतरण्याची वाट पाहत काठावर उभ्या राहतात. शाळेत पोहोचेपर्यंत परिपाठ संपलेला असतो. असे चार-पाच दिवस झाले की घरून ‘राहू दे आता’ असे सांगितले जाते, आणि ते आधी मुलीला सांगितले जाते. अंतर वाढले की सोयीचा वापर घटत जातो, हे भूगोलाचे जुने निरीक्षण आहे. माझ्या वर्गातल्या ज्या मुली पाचवीनंतर दिसेनाशा झाल्या, त्यांची शाळा कोणी बंद केली नव्हती. ती फक्त पुढच्या गावात होती.

दादाच्या गाडीचा हिशेब इथेच चुकतो. शिक्षण हक्काच्या नियमांत पाचवीपर्यंत 1 किलोमीटर आणि आठवीपर्यंत 3 किलोमीटरच्या आत शाळा असावी असे म्हटले आहे. मी राहते त्या बव्हेरियात, म्हणजे जर्मनीच्या दक्षिणेकडच्या राज्यात, चौथीपर्यंत 2 आणि पाचवीपासून 3 किलोमीटरपेक्षा वाट लांब असेल तर मुलाला नेण्या-आणण्याचा खर्च सरकारी यंत्रणेवर पडतो. शिवाय वाट विशेष कष्टाची किंवा धोक्याची असेल, तर अंतर कमी असूनही ती सोय द्यावी लागते. म्हणजे इथल्या कायद्याने सापेक्ष अंतर मान्य केले आहे. आपल्याकडे रपट्यावरचे पाणी प्रत्यक्षात हिशेबात धरलेले मला दिसलेले नाही. राहिला प्रश्न दोन गुरुजींच्या शाळेत एका वर्गात दोन इयत्ता बसवण्याचा. माझी मुलगी आउग्सबुर्गजवळच्या ज्या ग्रुंडशूलमध्ये, म्हणजे प्राथमिक शाळेत, जाते, तिथे पहिली-दुसरी एकत्रच शिकतात, आणि एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे मी ऐकलेले नाही. पूर्व जर्मनीत 1990 नंतर जन्मदर कोसळल्यावर पुष्कळ शाळा बंद झाल्या, हे दादा लगेच काढील, म्हणून मीच सांगते. परंतु तिथे डांबरी रस्ता होता आणि बस वेळेवर येत होती.

पट आणि पल्ला यांची सांगड घालणारा सिद्धांतही याच भागावरून मांडला गेला. जर्मन भूगोलतज्ज्ञ वाल्टर क्रिस्टालर यांनी 1933 साली दक्षिण जर्मनीतल्या शहरा-गावांचा अभ्यास करून दाखवले की, कोणतीही सेवा टिकण्यासाठी किमान काही माणसे लागतात आणि त्या सेवेसाठी माणसे ठरावीक अंतरापर्यंतच जातात. वीस पटाची अट ही यातली पहिलीच बाजू आहे; दुसरी बाजू शासनाच्या कागदावर पुसट होते. शिवाय क्रिस्टालर यांनी जमीन सगळीकडे सपाट आणि प्रवास सगळीकडे सारखाच सोपा मानला होता. पुढे नाझी राजवटीत व्याप्त पोलंडच्या वसाहतीच्या आराखड्यांसाठी त्यांनी काम केले, जिथे राहत्या माणसांना उठवूनच ती रचना उभी राहणार होती. हा इतिहास मला इथे आल्यावर कळला, आणि तेव्हापासून त्यांच्या सिद्धांतातले षट्कोनी नकाशे पाहताना मी आधी त्यात माणसे शोधते.

लोकवस्तीच्या घनतेचेही तसेच आहे. 2011 च्या जनगणनेत राज्याची घनता चौरस किलोमीटरला 365 माणसे, यवतमाळची 204 आणि गडचिरोलीची 74 होती. पश्चिम महाराष्ट्रातले दाट गाव डोळ्यांसमोर ठेवून काढलेला निकष विखुरलेल्या वस्तीला, म्हणजे पोडाला, तांड्याला आणि जंगलातल्या टोल्याला लावला, तर आधी आपल्याच शाळा बंद पडणार. विदर्भाच्या अनुशेषावर तावातावाने बोलणाऱ्या दादाला हे दिसू नये, याचे मला वाईट वाटते.

पट कमी का झाला, हेही त्याने विचारावे. फ्रँकफर्टमध्ये जन्मून लंडनला गेलेल्या रावेनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने 1885 साली लिहिले की, बहुतेक माणसे थोड्याच अंतरावर जातात आणि खेड्यातून मोठ्या शहराकडे टप्प्याटप्प्याने सरकतात. आमचे घर तसेच सरकले: दादा नागपूरला थांबला, मी अमरावती, पुणे करत इथवर आले. गावच्या शाळेच्या पटावर आमच्या दोघांच्याही घरातले एकही नाव नाही. गावावर बोलण्याचा माझा हक्क किती, हा प्रश्न मला रात्री छळतो, आणि दादाशी भांडताना माझा आवाज चढतो तो त्यामुळेच, हेही मला कळते. तरी मी बोलणार, कारण मला अक्षरओळख त्याच दोन गुरुजींच्या शाळेत झाली, आणि परक्या देशात माझे गाव कोणते असे विचारले की माझ्या तोंडी अजून तेच नाव येते.

मुलीच्या शाळेने पहिल्या दिवशी आम्हाला शूलवेगप्लान, म्हणजे शाळेच्या वाटेचा नकाशा, दिला होता, त्यात रस्ता कुठे ओलांडावा हे दाखवले होते. ग्रामसभेत समूह शाळेचा ठराव येईल तेव्हा पोडाचा तसा नकाशा मागावा, आणि तो आषाढात चालून काढलेला असावा, एवढेच मी दादाला लिहिले आहे. नागपूरहून गाव चार तासांवर आहे. ग्रामसभेला तो जाऊ शकतो, मी जाऊ शकत नाही.