नुसतं आयकॉन तर टाकायचंय

"ह्यात प्रोग्रामिंग कसलं? राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. झालं!"

परवा माझ्या खुर्चीमागे उभं राहून हिशेब खात्यातले काका हे म्हणाले. अजून डोक्यातून जात नाही. बिलांचा प्रोग्राम मी लिहिला. त्यातली करआकारणी, पैशांचं राउंडिंग, छपाईची कटकट ह्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मागणी एकच: सगळ्यांच्या डेस्कटॉपवर त्याचं आयकॉन आपोआप यायला हवं, आणि खाली मराठीत 'बिलं' असं नाव हवं.

आता हे 'आपोआप' कुणाला तरी आपल्या हातांनीच लिहावं लागतं. असं आयकॉन म्हणजे शॉर्टकट, खऱ्या प्रोग्रामचा पत्ता सांगणारी छोटी फाइल. ती स्क्रिप्टमधून करायला विंडोजमध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल नावाचं ऑब्जेक्ट, म्हणजे तयार अवजार, आहे. त्याच्याकडून 'क्रिएटशॉर्टकट' करून घ्यायचं, मग टार्गेटपाथ, वर्किंग डिरेक्टरी, आयकॉन लोकेशन असं एकेक भरायचं. सगळं भरून झालं की डेस्कटॉपवर काय दिसतं? काहीही नाही. कारण क्रिएटशॉर्टकट हा शॉर्टकट तयारच करत नाही, तो मेमरीत नुसता मनसुबा रचतो. फाइल उमटते ती शेवटी 'सेव्ह' म्हटल्यावर. त्यातही नावाला .एलएनके किंवा .यूआरएल हे शेपूट, म्हणजे फाइलीचा प्रकार सांगणारी अक्षरं, नसेल तर गडी अडूनच बसतो. आणि हे .एलएनके शेपूट 'सगळ्या फाइलींची शेपटं दाखव' म्हटलं तरी दिसत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीत, 'नेव्हरशोएक्स्ट' अशी नोंदच करून ठेवली आहे. म्हणजे लावायची सक्ती, पण बघायची बंदी.

डेस्कटॉप तरी एका जागी असावा की नाही! प्रत्येकाचा आपापला एक, शिवाय सगळ्यांचा मिळून सामाईक एक, आणि डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. सामाईक डेस्कटॉपवर लिहायचं तर अ‍ॅडमिनचे हक्क लागतात. कुणी मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्ह क्लाउडवर डेस्कटॉपचा बॅकअप सुरू केला की त्याचा स्वतःचा डेस्कटॉप गुपचूप क्लाउडच्या फोल्डरात मुक्काम हलवतो. म्हणून पत्ता कोडमध्ये कोरून ठेवायचा नाही, दर वेळी त्याच ऑब्जेक्टच्या 'स्पेशलफोल्डर्स'ला विचारायचा. हे सगळं मी काकांना सांगायला घेतलं होतं. ते म्हणाले, "हं, हं, तू कर."

केलं. स्क्रीनवर ओळ आली: शॉर्टकट सेव्ह करता येत नाही.

कारण ते नाव. हे ऑब्जेक्ट युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीच्या वळणाचं. त्याला यंत्राच्या जुन्या कोडपेजातली, म्हणजे अक्षरांच्या मोजक्या तक्त्यातली, अक्षरं तेवढी कळतात, आणि त्या कोडपेजात देवनागरीला जागा नाही. 'बिलं'ची त्याने प्रश्नचिन्हं केली, आणि विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. मी हे काकांना समजावतोय तोवर त्यांनी माझ्या हाताखालून माउस ओढून घेतला. राइट क्लिक, सेंड टू, डेस्कटॉप. एफ टू दाबून, सावकाश एकेक अक्षर शोधत, टाइप केलं: बिलं. एंटर. पहिल्याच फटक्यात!

"हाताने होतंय की रे."

"काका, पण सगळ्यांच्या यंत्रावर–"

"सगळ्यांना हात आहेत."

ह्याला उत्तर काय द्यायचं? पण काका तेवढ्यावर थांबणारे नव्हेत. चष्मा वर सरकवून ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की मला स्क्रीनच दिसेना.

"हा बाण कसला?"

"शॉर्टकट आहे म्हणून."

"पण आपण प्रोग्राम टाकला ना?"

"प्रोग्राम दुसरीकडे आहे. हा त्याचा पत्ता."

"मग बाणाने तिकडे दाखवायला हवं. हा तर वर दाखवतोय. वर रिसायकल बिन आहे."

"बाणाच्या दिशेला काही अर्थ नसतो, काका."

"अर्थ नाही तर काढून टाक."

मग त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला, त्यावर ते आयकॉन ओढून टाकलं, प्रॉपर्टीज उघडून आकार पाहिला आणि माझी पाठ थोपटली. "दोन केबीसुद्धा नाही! आटोपशीर लिहिलास हो." माझ्या कामाचं आजवर झालेलं हे एकमेव कौतुक. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रार तयारच: "तुझा प्रोग्राम घरी चालत नाही."

ह्या शॉर्टकटांना आपण फारच गरीब समजतो. 2010 साली उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम पेनड्राइव्हवरच्या .एलएनके फाइलींतूनही पसरत होता, आणि त्यांवर क्लिक करायचीही गरज नव्हती. फोल्डर उघडलं, विंडोज आयकॉनचं चित्र रंगवायला गेलं, की तेवढ्यात आतला कोड चालू! नंतर ते भोक बुजवलं गेलं. पण काकांचा पेनड्राइव्ह दिसला की मी अजूनही अंग चोरून बसतो.

आणि खरं सांगू, मला राग काकांचा नाहीच. कुठलंही फुकटचं सॉफ्टवेअर टाका: 'डेस्कटॉपवर आयकॉन ठेवू?' ह्या चौकोनात बरोबरची खूण आधीच ठोकलेली असते, नाहीतर विचारण्याचीही तसदी नसते. अपडेट झालं की तुम्ही कालच कचऱ्यात टाकलेलं आयकॉन पुन्हा हजर. त्यांना कुणी जाब विचारत नाही. मी मात्र मागणीवरून, परवानगीने, एक चौकोन चिकटवायला गेलो तर मला हात दाखवले जातात.

शेवटी तोडगा निघाला: स्क्रिप्टने इंग्रजी नावाने शॉर्टकट करायचा आणि नंतर फाइलीचं नाव मराठीत बदलायचं. सगळ्या यंत्रांवर 'बिलं' उगवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. काकांचा अभिप्राय तेवढा लेखी आला: "प्रोग्राम ठीक. बाण काढता आला तर बघावे."

काढता येतो. रजिस्ट्रीत 'शेल आयकॉन्स'खाली 29 नावाची नोंद करून तिला कोऱ्या आयकॉनचा पत्ता द्यायचा. त्या यंत्रावरच्या यच्चयावत शॉर्टकटांचे बाण जातात. हे मी काकांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.