झोप नाही (?)

परवा रात्री मेसमध्ये आमटी वाढता वाढता मेसच्या दादांनी विचारलं, "काय ताई, लागली का झोप?" आणि मी ताटाकडे बघत "हो हो" म्हणून पुढे सरकले. मला झोप येत नाही हे मी आईला सांगितलेलं नाही, रूममेटला अर्धंच सांगितलंय. दादांना कुठून कळलं याचा तपास करायची काही गरज नाही, कारण सोमवारी मी कॉलेजच्या आरोग्य केंद्रात गेले होते आणि तिथे रजिस्टर आहे.

हे केंद्र म्हणजे जिमखान्याच्या मागची एक खोली, मधे प्लायवूडचं पार्टिशन. अलीकडे डॉक्टर, पलीकडे 'वेलनेस सेंटर'. ही पाटी नॅकवाले, म्हणजे कॉलेज तपासून ग्रेड देणारे, यायच्या आठवड्यात लागली. तेव्हा सोफा आला, मनी प्लांट आला, भिंतीवर 'तू एकटा नाहीस' असं पोस्टर आलं. नॅकवाले गेले तसा मनी प्लांट प्रिन्सिपल सरांच्या केबिनला गेला, सोफा परीक्षा विभागात, पोस्टर तेवढं राहिलं. आणि ते खोटं नाही, तिथे कोणी एकटं नसतंच, सोबत चार कॅरम बोर्ड असतात.

तर मी काउन्सेलर मॅडमकडे नाव लावायला गेले. नाव लावतात काका. काका कंपाउंडर आहेत का क्लार्क आहेत का शिपाई हे कॉलेजात कोणालाच माहीत नाही, पण डॉक्टर अकराला येऊन साडेबाराला जातात आणि काका दिवसभर असतात, त्यामुळे केंद्र म्हणजे काकाच. रजिस्टरात कॉलम आहेत: नाव, वर्ग, आजाराचे स्वरूप, दिलेली गोळी, सही. माझ्यामागे सहा-सात पोरं, त्यातली निम्मी सर्टिफिकेटवाली.

"स्वरूप?" काका.

मी हळूच म्हटलं, "काका, काउन्सेलर मॅडमकडे नाव लावायचंय."

"ते कळलं गं पोरी. स्वरूप सांग. कॉलम रिकामा ठेवता येत नाही, ऑडिट असतं."

"झोप येत नाही."

"काय?"

"झोप. येत नाही."

काकांना एका कानाने कमी ऐकू येतं, आणि ज्याला कमी ऐकू येतं तो बोलतो मोठ्यांदा, त्यामुळे पुढचं सगळं कॅरमवाल्यांनीही ऐकलं. "झोप येत नाही! बरं. मुलगा का बॅकलॉग?"

"दोन्ही नाही काका."

"मग पित्त." आणि पेन उचललं.

काकांच्या शास्त्रात सगळं पित्त असतं. डोकं दुखलं पित्त, चक्कर आली पित्त, मागच्या सेमला एका पोराचा पाय मुरगळला तर "रात्री जागतोस, पित्त वाढतं, मग पाय वाकडा पडतो" असा पूर्ण सिद्धांत मांडला होता. मी म्हटलं, "पित्त नाही काका, मला मॅडमशी बोलायचंय." तेवढ्यात मागून एकजण, पायाला क्रेप बँडेज, ओळख ना पाळख, म्हणाला, "ताई, दुधात जायफळ घ्या." दुसरा म्हणाला जायफळाने काही होत नाही, तळपायाला तेल चोळ. एक मुलगी म्हणाली, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव. हॉस्टेलला दुसरी खोली म्हणजे दुसऱ्यांची खोली, पण ते जाऊ दे. मग जायफळ किसायचं का उगाळायचं यावर वाद लागला, त्यात काका उतरले, पेन खाली, रजिस्टर उघडं, आणि मी आपली मधोमध उभी, सत्यनारायणाच्या पूजेतल्या सुपारीसारखी.

शेवटी "उगाळूनच" असा निकाल लागला आणि काकांनी लिहिलं. मी उलटं वाचलं: 'झोप नाही. प्रेम (?)'. म्हटलं, काका ते खोडा. तर म्हणाले खाडाखोड चालत नाही, म्हणूनच प्रश्नचिन्ह टाकलंय. दिलेली गोळी: पॅरासिटामॉल. ती कशाला? तर कॉलम.

सर्टिफिकेटवाल्यांचं बरं असतं. त्यांना आजार नसतो, फक्त ७५ टक्के अटेंडन्स पाहिजे असते, आणि काकांकडे दर ठरलेले आहेत, ताप तीन दिवस, जुलाब दोन दिवस, कांजिण्या पंधरा. एकाने फर्स्ट इयरला आणि थर्ड इयरला दोन्हीकडे कांजिण्या लावल्या तेव्हा एकाच वर्षी मंजूर झाल्या म्हणे. त्यांना कोणी विचारत नाही मुलगा का बॅकलॉग. खरं आजारी पडलं की चौकशी.

मॅडम येतात मंगळवार-गुरुवार, दोन ते चार. आमची प्रॅक्टिकल मंगळवार-गुरुवार, दोन ते चार. तरी मी हिशोब केला, आम्ही ३६०० पोरं, मॅडमचे आठवड्याला चार तास म्हणजे १४,४०० सेकंद, डोक्यावर चार सेकंद आले. चार सेकंदात "नमस्कार मॅडम, मी" एवढं होतं. २०२५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे निदान एक तरी क्वालिफाइड काउन्सेलर हवा. आमच्याकडे आहे की एक! नियम पाळलाय. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क पण लिहिलाय, पण काकांच्या रजिस्टरात त्याचा कॉलम नाही. आणि आमच्या वर्गातली एक मुलगी, तिला माझ्यापेक्षा जास्त गरज आहे, ती त्या दिवशी दारापर्यंत आली होती, लाइन बघितली, रजिस्टर बघितलं आणि परत फिरली. तिला मी काय सांगू, जा म्हणून?

त्याच रात्री अडीचला मी टेलीमानसला फोन लावला, १४४१६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी रोल नंबर विचारला नाही. वीस मिनिटं बोलले, त्यातली पाच रडले. काय बोलले ते इथे लिहिणार नाही, रजिस्टरात नाही म्हणून तेवढं तरी माझं आहे.

काल दुपारी लॅबबाहेर आमची पूर्ण बॅच उभी असताना समोरून काका. खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली, माझ्या हातात ठेवली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "झोपेवरचं! घरून आणलंय. उगाळून, किसून नाही हं." आता या माणसावर रागवायचं कसं, सांगा. मी तरी रागावलेय.

पुडीत एक अख्खं जायफळ आहे. हॉस्टेलला सहाण नाही. रात्री मेसच्या दादांना विचारलं, स्वयंपाकघरात सहाण आहे का, तर ते डाव तसाच हातात धरून माझ्याकडे बघायला लागले.

"म्हणजे नाहीच का लागली अजून? मग परवा हो का म्हणालात?"