वांगं निर्दोष सुटलं

माझ्या डाव्या कोपराच्या आतल्या घडीत बंद्या रुपयाएवढा एक चट्टा आहे. डॉक्टरी भाषेत ॲटोपिक डर्माटायटिस, मराठीत इसब, आणि आमच्या पंचवटीतल्या वाड्यात, "वातूळ खाल्लं असशील!"

दिवाळी सरली की तो जागा होतो. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात यायच्या आदल्या रात्रीच माझ्या हाताला खाज सुटते. हवामान खात्याने मला मानधन द्यायला हरकत नाही.

पहिला संशय अर्थातच वांग्यावर. मग दही, चिंच, आणि शेवटी आईने रविवारच्या मिसळीला हात घातला. नाशिककराला रविवारी मिसळ नाही म्हणजे घरात सुतकच. शेजारच्या काकूंनी कडुलिंबाचा पाला आणून दिला, मेहुण्याने गजकर्णावरची जालीम ट्यूब. इसब आणि गजकर्ण एक नव्हे, हे त्याला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, तिन्हींची भेळ! ती ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकून त्या म्हणाल्या, "वांग्याला सोडा. एक वही करा. खाज कधी आली आणि त्याआधी काय केलंत, तेवढंच लिहा."

वही घातली. सोमवार: वांग्याचं भरीत, खाज नाही (आईला सांगू नये). मंगळवार: आत्याने विणलेलं लोकरीचं स्वेटर, खाज, फूटपट्टी बाहीत अडकली. बुधवार: साहेबांनी बोलावलं, खाज. साहेब काही बोलायच्या आतच. आणि रोज, न चुकता: बंबातलं कढत पाणी, अर्धा तास, भरपूर साबण. त्यानंतर जबर खाज.

इथे मात्र मी हळवा झालो. थंडीच्या दिवसांत पहाटे अंगावर ओतलेला तो पहिला तांब्या, न्हाणीघरात दाटलेली वाफ, आणि चट्ट्यावर कढत धार पडली की ब्रह्मानंदी टाळी! तोच फितूर निघाला. माझ्या कातडीची भिंत म्हणे मुळातच गळकी. आतली ओल बाहेर जाते, बाहेरची धूळ आत शिरते. त्यात कढत पाणी आणि साबण तिच्यावरचं उरलंसुरलं तेलही धुऊन नेतात.

आता कोमट पाणी, फार तर दहा मिनिटं. अंग टिपायचं, घासायचं नाही. आणि तीन मिनिटांच्या आत पेट्रोलियम जेली. डिसेंबरच्या पहाटे पंचा गुंडाळून, दात वाजवत, पुरीच्या कणकेसारखं स्वतःला तेलकट करत उभं राहायचं. अशा वेळी दारावरची बेल हमखास वाजते. आत्याचं स्वेटर सुती शर्टावरून चालतं. साहेबांवर मात्र बाईंनी काही लिहून दिलं नाही.

परवा वही आईच्या हाती लागली. चष्मा लावून तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. भरिताच्या ओळीवर जरा थांबली. मग वही मिटून म्हणाली,

"मी म्हणतच होते, कढत पाणी वातूळ असतं."